शेवग्याची नळी

२२ जून २००३, रविवार

खतांच्या दुकानातून मिळालेली ही डायरी जानेवारीपासून ज्वारीच्या डब्यावर झाकण म्हणून पडून होती. आज पोरींची नावं लिहून ठेवायला काढली आणि म्हटलं, लिहूच पुढे. आमचे हे, गुरुबसप्पा, रोज लिहायचे. भूकंपात ते गेले आणि त्यांच्या वह्याही गेल्या. येत्या सप्टेंबरात दहा वर्षं होतील. मीही सातवी पास आहे, मला काय लिहिता येत नाही होय?

तर यंदा पाच पोरी आल्या. लातूरला आता गल्लीगल्लीत क्लास निघालेत आणि घराघरात खोल्या भाड्याने. माझ्याकडे वर दोन खोल्या आणि खाली मेस. आल्या दिवशी मी सगळ्यांना पिठाच्या गिरणीत नेऊन पोत्यांच्या काट्यावर उभं करते आणि वजन लिहून ठेवते. उद्या कुणा आईबापानं म्हणायला नको, दानम्मानं पोरगी वाळवली.

उदगीरकडची शिवलीला आमच्यातलीच, लिंगायताची. तिचा मामा माणिकप्पा माझ्या माहेरच्या गावचा. दुपारीच ती स्वयंपाकघरात शिरून बरणीतलं लोणचं घेऊन गेली. घरचीच पोर.

सगळ्यात शेवटी आली महामाया. कंधारची, बौद्धाची. दहावीला एक्याण्णव टक्के आणि अंगावर मांस म्हणून नाही. साडेएकेचाळीस किलो. वडील आनंदराज एस.टी.त कंडक्टर, खाकी कपड्यातच ट्रंक खांद्यावर घेऊन आले. मी दाराबाहेरच्या ओट्यावर चहा दिला. चहा पिऊन त्यांनी कप स्वतः बाहेरच्या नळावर विसळला आणि भिंतीवर पालथा घालून ठेवला. कुणी सांगितलं नव्हतं. किती शिस्तीचा माणूस! बाकीच्या पालकांचे कप जागच्या जागी पडले होते, माशा घोंगावत होत्या.

जाताना म्हणाले, "बाई, लेकरू पहिल्यांदाच घर सोडून राहून राहिलं. रमलं तर लई चांगलं. न्हाई तर पोळा झाला की येतो अन् घेऊन जातो. तिच्या आजीनं एक स्थळ धरून ठिवलंय. मी न्हाई म्हणून राहिलो, पण पोरगीच परत आली तर माझ्या न्हाई म्हणण्याला काय जोर?"

मी म्हटलं, माझ्या मेसमधून आजवर एक पोरगी परत गेलेली नाही. आणि ते खरंच आहे.

मग नियम वाचून दाखवले. अंडं-मटण या घरात यायचं नाही. आपलं ताट आपण बाहेरच्या नळावर धुवायचं, बाहेरच्या कोनाड्यात ठेवायचं. स्वयंपाकघरात माझ्याशिवाय कुणी यायचं नाही. नियम सगळ्यांना सारखे. आम्ही बसवण्णांची लेकरं, आमच्यात भेद नाही.

३ जुलै, गुरुवार

महामाया जेवत नाही. ओसरीच्या पार टोकाला, दाराजवळ बसते. अर्धी भाकरी खाऊन पटकन उठते, ताट धुऊन कोनाड्यात सगळ्यात खाली, कडेला ठेवते. काही विचारलं की "भूक न्हाई काकू." आणि शिवलीलाचं बघा! ती चुलीपाशी माझ्याजवळ बसून तव्यावरची भाकरी खाते. तिला निवलेली चालत नाही, मामानं तसं सांगून ठेवलंय.

आज पुन्हा गिरणीत नेली. एकोणचाळीस किलो. अकरा दिवसांत अडीच किलो! गिरणीवाला म्हणाला, "काकू, दळण आणा, पोरी काय आणून राहिलाव?" मला हसू आलं नाही.

दुधीची भाजी करून पाहिली, पिठलं करून पाहिलं, गूळ घालून दशम्या केल्या. पहाटे पाचला भौतिकशास्त्राच्या क्लासला जाते ती नुसत्या पाण्यावर. अशानं पोळा कुठला, पंधरा दिवसही निघायचे नाहीत. आणि परत गेली की आजीचं स्थळ आहेच टपलेलं.

६ जुलै, रविवार

सापडलं!

आखाड लागलाय. श्रावण येण्याआधी खाऊन घ्यावं म्हणून गल्लीत दर रविवारी कुणाच्या ना कुणाच्या घरून मसाल्याचा वास येतो. महामाया ओट्यावर पुस्तक घेऊन बसली होती आणि पान काही उलटत नव्हती. मी विचारलं, "आज घरी काय असंल गं?"

"रस्सा असंल काकू. पप्पाला रविवारी सुट्टी पडली की समदे सैंपाकघरातच बसतोत. पप्पा मसाला वाटतेत, मी कांदा भाजते." एवढं बोलली आणि डोळे भरून आले.

म्हणजे पोरीला मटण आठवतंय. एवढी साधी गोष्ट, आणि मी दुधी शिजवत बसले.

आता मटण काही या घरात येणार नाही. मी जन्मात चाखलेलं नाही, चाखणार नाही. पण मटणासारखं काहीतरी करता येईल की. लोक भगरीचं थालीपीठ करतात, राजगिऱ्याची पुरी करतात, मग धान्याचं मटण का होऊ नये? त्यात काय एवढं अवघड आहे!

८ जुलै, मंगळवार

सोयाबीनच्या वड्या आणल्या. आमच्या भागात सगळीकडे आता तेच पीक, त्यामुळे वाण्याकडे पोत्याने पडलेल्या. उकळल्या, पिळल्या, येसर घालून आमटीत सोडल्या. येसर माझा घरचा, धनेजिरे, ज्वारी, हरभऱ्याची डाळ भाजून कुटलेला. त्याला नाव ठेवणारा अजून जन्मायचाय.

वाटी ओसरीवर नेऊन दिली. महामायानं एक वडी चावली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "काकू, ह्ये सोयाबीन हाय."

"मटणावानी लागतं का न्हाई?"

पोरगी ओठ दाबून खाली बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, तुम्ही माझ्यासाठी केलंय व्हय?"

मी म्हटलं, तुझ्यासाठी कशाला, मेसच्या नावासाठी.

१३ जुलै, रविवार

शेवटी बेगमबीला विचारलं. ती शेजारच्या गल्लीत राहते. आम्ही एकाच गावच्या. भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात दोन महिने आमची भिंतही एक होती आणि चूलही. तिच्या हाताला अशी चव आहे, की लग्नाची देग चढवायला लोक तिच्या आचारी नवऱ्याला, खाजामियाँला, न बोलावता तिला बोलावतात.

ओट्यावर बसून तिनं माझा सगळा बेत ऐकला आणि पोट धरून हसली. "दानम्मा, तू जिंदगीत गोश्त चाखली न्हाई अन् बनवायला निघालीस? आंधळ्यानं सोनं पारखायला बसल्यावानी झालं की गं."

"तुला डोळे हायेत ना? तू सांग."

मग ती सांगायला लागली. गोश्तला रेषा असतात. दातानं तोडलं तर दोरा निघाल्यासारखं निघतं. ओढलं तर थोडं ओढ देतं, मग सुटतं. वर चरबीचा तवंग. "अन् नळी पायजे, दानम्मा. नळी चोखल्याबिगर रस्सा खाल्ल्याचं समाधान न्हाई."

मी सगळं याच डायरीत मागच्या पानावर लिहून घेतलं. ओढ देतं म्हटल्यावर माझ्या डोक्यात एकदम दिवा लागला. लहानपणी रानात आम्ही कच्चे गहू तोंडात टाकून चावत बसायचो. चावता चावता त्याचा चिंगम व्हायचा. आणि दर उन्हाळ्यात कुरडयांना गहू भिजवून चीक काढतो, तेव्हा खाली राहतो तो चोथाही कसा चिवट असतो! मटण गव्हातच आहे. इतकी वर्षं आपण चीक घेतला आणि मटण भुसवड्यांत, चोथ्याच्या त्या वाळवलेल्या वड्यांत, घालवलं.

जाताना बेगमबी म्हणाली, "पन पोरीला गोश्तच पायजे, ह्ये कशावरून?"

"मंग आनखी काय पायजे असंल?"

तिनं कप नळावर विसळला, भिंतीवर पालथा घातला आणि गेली. तिलाही ती सवय आहे.

१८ जुलै, शुक्रवार

फजिती. मला वाटलं, मटणाला उग्र वास असतो म्हणतात, तर गहू तीनऐवजी पाच दिवस भिजवू. आज पातेल्याचं झाकण काढलं तर वरच्या खोलीतल्या पोरी नाक धरून गच्चीवर पळाल्या. शिवलीलाला वाटलं, उंदीर मेलाय. सगळं परसातल्या शेवग्याच्या बुडाला ओतलं.

महामाया तेवढी दारात येऊन उभी राहिली, उंबऱ्याच्या बाहेर. म्हणाली, "काकू, भिजवायची गरजच न्हाई. कणीक मळून पाण्यात धुतली की स्टार्च निघून जातो अन् प्रोटीन मागं राहतं. पुस्तकात हाय."

म्हणजे जी गोष्ट मला पाच दिवसांत सापडली नाही ती पुस्तकात आहे. वर्षाची फी उगीच घेत नाहीत क्लासवाले.

२० जुलै, रविवार

तिनं सांगितलं तसं केलं. घट्ट कणीक मळली, तासभर पाण्यात बुडवली, मग परातीत चोळून चोळून धुतली. दुधासारखं पाणी सुटतं, ते ओतायचं, नवीन घ्यायचं. नळ चौथ्या दिवशी येतो आणि मी कणीक धुतेय! पण पाणी वाया घालवलं नाही. चीक खाली बसवून कुरडयांना ठेवला, वरचं पाणी झाडांना. हातात राहिला एक करडा गोळा, रबरासारखा. ओढला तर वीतभर येतो आणि सोडला की परत जातो. मी त्याच्याशी बराच वेळ खेळत बसले.

आता नळी. हाड कशाचं करावं? आपल्याकडे ऊस काय कमी आहे! उसाचं कांडं सोलून चार तुकडे रश्श्यात सोडले.

आता चव बघायची तर मी बघणार कशी? गहू आहे हे मला कळतं. पण बेगमबीनं नळी, चरबी असं काही वर्णन केलंय, की घास तोंडाजवळ आला की जीभच मागे सरते. म्हणून महामायाला हाक मारली. वाटी ओसरीपर्यंत न्यायची तर निवते आणि निवलेल्या रश्श्याची चव काय कळणार? म्हणून म्हटलं, आत ये, इथं शेगडीपाशीच चाख.

ती उंबऱ्यात थांबली. "आत येऊ, काकू?"

"ये की. रस्सा निवून राहिला."

आली. चाखलं. आणि जोरात हसली. पहिल्यांदा हसताना बघितलं तिला, डावीकडे एक दात दुसऱ्यावर चढलेला आहे. "काकू, रस्सा गोड झालाय! मटणात गूळ घातल्यावानी!"

उसाचा प्रताप. आणि गोळा उकळत्या पाण्यात टाकला तर फुगून फुगून त्याचा स्पंज झाला होता. पण पोरीनं तसाच तो गोड रस्सा दीड भाकरीशी खाल्ला. तिथंच, पाटावर बसून.

२७ जुलै, रविवार

आजचा दिवस सोन्याच्या शाईनं लिहावा असा आहे.

आखाडातला हा शेवटचा रविवार. महामाया सकाळी क्लासहून आली ती थेट स्वयंपाकघरात. मी बोलावलं नव्हतं, पण दोन हातांनी गोळा धुणं मला झेपत नाही, खांदा दुखतो. गोळ्यात आलं-लसूण, हळद, मीठ, थोडं तुरीच्या डाळीचं पीठ आणि तेल मळलं. मग ती म्हणाली, "काकू, ह्याला रेषा आणायच्या तर वेणी घालू." आणि त्या गोळ्याच्या तीन दोऱ्या ओढून तिनं खरंच वेणी घातली. इतकी नेटकी, की रिबीन बांधायचा मोह व्हावा. उकळायची नाही, चाळणीत ठेवून वाफवायची, हे मागच्या वेळच्या स्पंजानं शिकवलं होतं. निवल्यावर सुरीनं न कापता हातानं तोडली. आणि बेगमबी म्हणते तशा रेषा! दोरा निघावा तशा! तुकडे तेलावर लाल केले. काळपट भाजलेला कांदा, खोबरं, तीळ, दगडफूल आणि माझा येसर. खोबऱ्यातिळाचा तवंग वर आला.

नळी राहिली होती. मी खिडकीतून बघतेय तर समोर शेवगा उभा. शेंगा लोंबताहेत. शेंग चोखायचीच असते की! कपाळावर हात मारून घेतला. नऊ वर्षं त्या झाडाखाली धुणं धुते.

बेगमबीला बोलावलं. तिनं ओट्यावर बसून खाल्लं, शेंग चोखली, डोळे मिटले. मग म्हणाली, "दानम्मा, गोश्त तर न्हाई. पन गोश्तच्या मावसभनीची लेक हाय."

महामायानं तीन भाकरी खाल्ल्या. तीन! सगळ्या पोरींनी खाल्लं. शिवलीला दोनदा वाढून घेताना म्हणाली, "अव्वा, पाप तर न्हाई ना लागत?" मी म्हटलं, गव्हानं पाप लागत असतं तर चपात्यांनी आपण कधीच नरकात गेलो असतो.

३० जुलै, बुधवार

श्रावण लागला. विचार केला, दर रविवारी हे करायचं की महिनाभर थांबायचं? गव्हाला कसला आलाय श्रावण! कांदा-लसूण तेवढं वगळून हिंग घालीन.

महामायाचं ताट कोनाड्यातून आत आणलं. रोज मीठ-तिखट बघायला ती आतच असते, उगाच बाहेर हेलपाटे. भूकंपापासून मी डोक्यावरच्या फळीवर काही ठेवत नाही, त्यामुळे ते खाली माझ्या ताटाशेजारीच बसलं.

१० ऑगस्ट, रविवार

आज मेस बुडता बुडता राहिली.

माणिकप्पा उद्याच्या सोमवारच्या उपासाला शिवलीलासाठी केळी आणि खजूर घेऊन आला. गल्लीच्या तोंडालाच त्याला वास लागला. तसाच चपला न काढता ओसरीवर आला आणि बघतो तर त्याची भाची बोटाएवढी नळी चोखत बसलेली. रश्श्यात बुडालेली शेवग्याची शेंग लांबून कशी दिसते, हे मला आज कळलं.

"अक्का! श्रावणात? लिंगायताच्या घरात?" आवाज असा, की समोरच्या क्लासची पोरं बाहेर आली. "चल गं शिवलीला, पेटी बांध. आन् मी आजच समद्या पाव्हण्यारावळ्यांत सांगतो, ह्या बाईनं बाटवलं म्हणून."

ह्या मेसशिवाय मला आहे काय? गहू आहे, गहू आहे, असं दहादा सांगितलं. तो म्हणे, मला काय कुकुली पोर समजता?

तेव्हा महामाया परात घेऊन ओसरीवर आली. त्यात कणकेचा गोळा. माणिकप्पाच्या समोर मांडी घालून बसली आणि धुवायला लागली. पाणी पांढरं झालं, बदललं, परत पांढरं झालं. माणिकप्पा ओरडायचा थांबला. अर्धा तास गेला असेल, तो उकिडवा बसून बघतच राहिला. गोळा चिवट झाला तेव्हा तिनं पुढे केला. त्यानं बोटानं ओढला. "ह्यो तर चीक काढल्यावरचा चोथा हाय," म्हणाला.

"ह्याला ग्लूटेन म्हणतेत, मामा. गव्हातलं प्रोटीन."

माणिकप्पाला तोंड लपवायला जागा उरली नाही. पण हरला तर माणिकप्पा कसला? महामायाकडे बघून मला हळूच म्हणाला, "बरं, गहू तर गहू. पन अक्का, ह्यी पोरगी कुनाची? सैंपाकघरात कशी?"

असा राग आला मला! वीस दिवस राबून, खांदा मोडून मी जे केलं त्याचं कौतुक राहिलं बाजूला. म्हटलं, "मग चव कोण बघंल? तुम्ही येताव का रोज उदगीरहून?"

तो केळी ठेवून निघाला. शिवलीलाला म्हणाला, चल. ती म्हणाली, "मामा, मी जेवून राहिले." आणि शेंग चोखत राहिली.

नंतर मला आठवलं, माणिकप्पाला उत्तर देताना मी क्षणभरही विचार केला नाही. काय चुकीचं बोलले? चव बघायलाच तर ती येते.

११ ऑगस्ट, सोमवार

उपास. माणिकप्पानं अजून तरी कुणाला काही सांगितलेलं दिसत नाही. सांगणार काय, की गहू बघून बोंब मारली?

महामाया एकेचाळीस किलो.

१९ ऑगस्ट, मंगळवार

एक नवल. आज साधा वरण-भात होता आणि दुधीची भाजी, तीच जिला जुलैत तिनं हात लावला नव्हता. पोरीनं दोनदा घेतली. शेजारी पाटावर बसून, रसायनशास्त्राच्या सरांची नक्कल करत करत. म्हणजे गव्हाच्या मटणानं भूक अशी उघडली, की आता दुधीही चालतो. हे मी बेगमबीला सांगितलं तर ती माझ्याकडे बघून नुसती हसली. म्हणाली, "शेडात आपन काय खायचो, याद हाय का? नुसती खिचडी. लंगरची. अन् कशी खायचो!"

खरंच, कशी खायचो. चुलीभोवती सगळ्या बायका, कोण कुणाच्या ताटात वाढतंय कळायचं नाही. एवढं दुःख आणि एवढी भूक मी पुन्हा कधी बघितली नाही. मग घरं झाली आणि ज्याची त्याची चूल वेगळी झाली. बेगमबीचा कप विसळायला मी हात पुढे केला तर तिनं चटकन दिलाच नाही. मी ओढून घेतला आणि आत नेला. पाहुणीनं भांडी घासायची म्हणजे काय!

आठ दिवसांवर पोळा. आनंदराज येतील. रात्रंदिवस तोच विचार आहे. पोरीला विचारलं तर म्हणते, "पप्पा म्हणतील तसं." ह्या वयात एवढं शहाणपण कशाला पाहिजे देव जाणे.

२८ ऑगस्ट, गुरुवार, पोळ्याची कर

आधी शेवट लिहिते, नाहीतर माझाच जीव राहायचा नाही: पोरगी राहिली. ट्रंक बांधायला आणलेला सुताचा दोर आता परसात शेवग्याला बांधलाय आणि त्यावर पोरींचे युनिफॉर्म वाळताहेत.

आनंदराज साडेअकराच्या गाडीनं आले. खाकीतच, खांद्याला तिकिटांची पिशवी आणि हातात तो दोर. मी मनात किती बोलायचं ठरवलं होतं, ते राहिलंच. म्हटलं, "आज कर हाय. जेवल्याबिगर जायचं न्हाई."

कर म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, त्यांच्याकडे रश्श्याचा. मी पहाटेच गोळा धुतला होता, महामायानं वेणी घातली होती. श्रावण संपला म्हणून कांदा-लसूण सढळ हातानं. ते सवयीनं ओट्यावर टेकायला लागले. मी म्हटलं, तिथं ऊन आहे आणि रस्सा निवतो, आत या. महामायानं त्यांच्यासाठी पाट मांडला, बेगमबीलाही मीच हाताला धरून आत आणलं, एवढं झालंय तर परीक्षकही पाहिजेच. चौघं चुलीभोवती बसलो.

आनंदराजांनी पहिला घास घेतला. चावला. पोरीकडे बघितलं. "ह्ये काय हाय गं माय?"

"गहू हाय, पप्पा. काकूनं अन् मी केलंय. नळी शेवग्याची."

ते जेवत राहिले. मी विचारलं, मटणाची सर येते का? खरं सांगा, राग नाही. ते म्हणाले, "बाई, खरं सांगू? मटणावानी लागत न्हाई." मग म्हणाले, "घरच्यावानी लागतंय."

हे काय उत्तर झालं? चवीचं विचारलं तर घराचं सांगतात. बेगमबी पदर तोंडाला लावून बसली होती. मीही मग एक तुकडा तोंडात टाकला, आयुष्यात पहिल्यांदा, म्हटलं बघू तरी काय एवढं. भुसवडीसारखाच लागला. ह्याच्यासाठी लोक आखाडाची वाट बघतात!

जेवताना मी वजनाचा कागद पुढे ठेवला. साडेत्रेचाळीस किलो, गिरणीवाल्याच्या सहीचा. त्यांनी तो दोनदा वाचला आणि तिकिटांच्या पिशवीत नीट घडी करून ठेवला. "दसऱ्याला येतो," म्हणाले. "आजीला मी बघतो." असं म्हणून दोर माझ्याकडे सरकवला, की बाई, वाळवणाला होईल. मला रडू आलं आणि मी ते लपवलंही नाही.

जेवण झाल्यावर ते ताट घेऊन उठले आणि बाहेरच्या नळाकडे निघाले. महामाया म्हणाली, "पप्पा, तिकडं न्हाई. हितं, आत. मोरीत काकूच्या ताटावर ठिवा."

तर ते दारातच थांबले. ताट हातात, नजर मोरीकडे, आणि हलेचनात. माझ्या लक्षात आलं, मी पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढायचंच विसरले होते. पातेलं उचललं आणि त्या रिकाम्या ताटात आणखी दोन पळ्या रस्सा घातला, वर एक शेंग. ते पाटावर परत बसले आणि पुन्हा जेवले, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत.

माणूस चांगला आहे. मागायला तेवढा लाजतो.